पत्र्याची थोरली

"हे काय आहे तुमच्या हातात?"

ती शेडच्या दारात उभी होती. केस अर्धेच विंचरलेले, एक मोजा पायात आणि दुसरा हातात... आणि समोर तिचे बाबा गाडीच्या बॉनेटवर वाकून, डोळे अर्धवट मिटून, तान्ह्या बाळाला तेल लावावं इतक्या हळुवार हाताने गोल गोल पॉलिश घासत होते. त्यांच्या हातातलं फडकं निळं होतं. त्या फडक्याला कॉलर होती. कॉलरीखाली चार पांढरी बटणं होती, आणि ती चारही बटणं गेल्याच आठवड्यात आईने, शिवायला आलेली सगळी सीटकव्हरं बाजूला ठेवून, खास तिच्यासाठी लावली होती.

"फडकं आहे," बाबा वर न पाहता म्हणाले. "दोरीवर होतं. हाताला मऊ लागलं म्हणून घेतलं."

"तो माझा ड्रेस आहे, बाबा. आज माझी वक्तृत्व स्पर्धा आहे."

बाबांचा हात थांबला. त्यांनी एका बाहीला धरून ते फडकं उलगडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि एकदम त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दाटून आली.

"बटणं आहेत होय याला," असं म्हणत ते घाईघाईने बॉनेटवर वाकले आणि उजेडात तिरके होऊन पत्रा निरखू लागले. "बरं झालं सांगितलंस. ओरखडा पडला असता."

ओरखडा पडलाच होता. कुठे पडला, ते पाहायला मात्र बाबा वाकले नाहीत.

त्या घराला दोन मुली आहेत असं सगळा रस्ता म्हणायचा. धाकटी म्हणजे ही, वय वर्षं सोळा, शाळेचं शेवटचं वर्ष, जिभेला धार आणि डोळ्यांत पाणी दोन्ही एकाच वेळी तयार असणारी. आणि थोरली म्हणजे शेडमधली ती गाडी! बाबांचा धंदा डेंटिंग-पेंटिंगचा. ठोकर बसलेल्या गाड्यांचे पोचे काढायचे, पत्रा सरळ करायचा, रंग द्यायचा. त्यांच्या हाताला असं काही कसब होतं की लोक त्यांना उस्तादच म्हणत. घराचा पुढचा भाग म्हणजे शेड, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मधल्या दाराशी आईचं शिलाई मशीन. थोरलीला बाबांनी भंगारातून आणलं ते धाकटीच्या जन्माच्या दोन वर्षं आधी. जुन्या काळातली, गोल पाठीची गाडी. बाबांनी तिचं छत कापून कापडी टप बसवला, चार दारांची दोन केली, एका पाववाल्याच्या बाद झालेल्या व्हॅनचं इंजिन तिच्या पोटात घातलं, मागे मोटारसायकलचे दिवे लावले, आणि स्टिअरिंगपुढची फळी बसवली ती मोडक्या जेवणाच्या टेबलाची, जिच्यावर कुणाच्या तरी गरम कपाचा गोल डाग अजून तसाच होता. आणि रंग... तो हिरवा रंग कुठल्याच डब्यात मिळत नसे. बाबांनी तो स्वतः कालवला होता, आणि कशात किती काय घातलं ते कागदावर उतरवलेलं नव्हतं.

गिऱ्हाइकाने विचारलं, "उस्ताद, मुलंबाळं किती?" की बाबा म्हणायचे, "दोन मुली. एक पेट्रोल पिते, एक डोकं खाते." गिऱ्हाईक हसायचं, आईही हसायची, वर म्हणायची, "माझी सवत आहे ती. पण गुणाची हो, कधी उलटून बोलत नाही." सगळे हसत, आणि मागच्या खोलीत गणिताच्या वहीवर मान घालून बसलेल्या धाकटीच्या अंतःकरणात काहीतरी आवळत जायचं... काय गुन्हा होता तिचा? पोटची पोर ती, एकुलती एक, आणि तिने जन्मभर दुसरं का राहावं? थोरलीला न्हाऊ घालताना बाबा आधी पाण्यात हात बुडवून बघत, गार तर नाही ना म्हणून. धाकटीला ताप आला तर "थर्मामीटर आईकडे आहे" म्हणत. थोरली एखाद्या दिवशी खोकली तरी बाबांचं जेवण जात नसे. धाकटी सहलीहून दोन तास उशिरा आली तेव्हा त्यांना ती गेली होती हेच ठाऊक नव्हतं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे ते एक वाक्य, "धाकटे, लांबून!" तिचा हात थोरलीच्या पत्र्याकडे जायचा अवकाश, की शेडच्या कुठल्याही कोपऱ्यातून ते वाक्य यायचंच. इतर गाड्यांना ती हवा तेवढा हात लावी, कागदाने घासून देई, हातोडीसुद्धा धरी. थोरलीला मात्र नाही. मत्सर हा शब्द ती शाळेत शिकली. चव मात्र त्याआधीच ओळखीची होती.

त्या दिवशी ती गणवेशातच स्पर्धेला गेली. विषय होता, 'कुटुंब हीच पहिली शाळा'. दुसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या तिने स्वतः बॅग ठेवून राखल्या होत्या. आईला दुपारी सीटकव्हरं पोचवायची होती, म्हणून ती येणार नाही हे ठरलेलंच होतं, तरी एक खुर्ची तिच्या नावाची होती. बाबा "बघतो" म्हणाले होते. त्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत ती अशी काही बोलली, असा काही आवाज लागला तिचा, की परीक्षकांपैकी एका बाईंनी डोळे पुसले. पहिला नंबर! शाळेतल्या बाईंनी पाठ थोपटली, मैत्रिणींनी उचलून घेतलं, आणि हातात चकचकीत कप घेऊन ती जवळजवळ पळतच घरी आली... की आता बाबा बघतील, आता तरी बघतील.

घरात कुणी नव्हतं. बाबा रंगाच्या दुकानात गेले असावेत. शेडमध्ये थोरली एकटीच उभी होती, इतकी चमकत होती की धाकटीला तिच्या बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा दिसला, तोही हिरवा. आणि बॉनेटच्या एका कडेला तो निळा ड्रेस, घडी घालून ठेवलेला. तिच्या कपड्यांची इतकी नीट घडी त्या घरात कधी कुणी घातली नव्हती.

पुढे जे घडलं त्याला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या कुणाच्या मुलीने खिळा उचलला असता, दगड उचलला असता. ही डेंटरची मुलगी! रंगाला काय मारतं ते तिला चालायला लागल्यापासून माहीत. फळीवर दोन सारख्या बाटल्या, लाल झाकणाची पॉलिशची, काळ्या झाकणाची ब्रेक ऑइलची. ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला तर आधी काही दिसत नाही. मग तासाभरात रंग मऊ पडतो, फुगतो, आणि सायीसारखा सुरकुततो. तिने काळं झाकण उघडलं. बॉनेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढली. बाटली जागेवर ठेवली. मग निळ्या ड्रेसने हात पुसले आणि तो तिथेच टाकून ती आत जाऊन पाणी प्यायली. हात थरथरत नव्हता. त्याचंच तिला पुढे कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं.

संध्याकाळी आई-बाबा दोघंही आले तेव्हा रंग सुरकुतला होता.

आईच्या हातातली पिशवी खाली पडली. बाबा बॉनेटपाशी गेले, त्या फुगलेल्या रंगावरून एक बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, तो निळा बोळा उचलून बघितला... मग ताठ उभे राहिले. दारात धाकटी उभी होती, कप पाठीमागे धरून.

"कसं झालं हो हे?" आईने विचारलं.

बाबांनी सावकाश बोट पँटला पुसलं. "माझ्याच हातून झालं. जाताना पुन्हा एकदा पॉलिश मारलं. बाटली चुकीची उचलली असणार. डोळे दगा देतात आजकाल."

"अहो, लाल आणि काळं झाकण कळलं नाही तुम्हाला?"

"नाही कळलं," बाबा म्हणाले. मग दाराकडे वळून, "स्पर्धा कशी झाली?"

"पहिला नंबर," ती म्हणाली.

"वा," बाबा म्हणाले. आणि त्यांचा आवाज इतका थकलेला होता की तिने कप पुढे आणलाच नाही.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाबांनी जाहीर केलं की थोरलीला रंग देऊन विकायची. "जी मला नीट पुसतासुद्धा येत नाही ती ठेवून काय करू?" एवढंच म्हणाले. धाकटीने कपात तोंड घातलं, कारण तिला हसू येत होतं. हो, खोटं कशाला सांगा, हसूच! तीन दिवस ती घरभर गुणगुणत हिंडली. सोळा वर्षांनी घर तिचं होणार होतं.

चौथ्या दिवशी पाववाला आला. हा बाबांचा सगळ्यात जुना माणूस, ज्याच्या जुन्या व्हॅनचं इंजिन थोरलीच्या पोटात होतं. नव्या व्हॅनचा दरवाजा चेपला होता. तो व्हॅनमधून उतरलाच नाही, खिडकीतूनच बोलला.

"उस्ताद, डोळ्यांचं कळलं. वाईट वाटलं बघा."

"वय झालं," बाबा म्हणाले.

"तुम्ही आधी दाखवून घ्या. दरवाजा मी सध्या पुलापलीकडच्याला देतो. राग नका मानू, व्हॅन पांढरी आहे, जरा कमीजास्त झालं की लगेच दिसतं."

"राग कसला," बाबा म्हणाले, आणि व्हॅन वळेपर्यंत हात वर करून उभे राहिले. त्या आठवड्यात आणखी दोघांनी गाड्या नेल्या. शेडमधल्या हातोड्या गप्प झाल्या. आई म्हणाली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. बाबा म्हणाले, उद्या. रोज उद्या. आणि धाकटीच्या घशात रोज एक वाक्य येऊन अडकू लागलं. हजार माणसांपुढे आवाज चढवून बोलणारी मुलगी ती, पण स्वयंपाकघरातल्या दोन माणसांपुढे तिला चार शब्द फुटेनात. सांगितलं तर बाबा आयुष्यात तोंड बघणार नाहीत. नाही सांगितलं तर स्वतःच्या नजरेवरचा त्यांचा विश्वास कायमचा जाणार... आणि डेंटरची नजर गेली म्हणजे उरलं काय?

गाडी बघायला दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, मोठ्याने हसणाऱ्या. फाटकातूनच म्हणाल्या, "उस्ताद, आपला धंदा एकच. तुम्ही डेंटर, मी डेंटिस्ट. पोचे दोघांनाही बघावे लागतात."

"तुमचं गिऱ्हाईक ओरडतं," बाबा म्हणाले.

"आणि तुमचं?"

"माझ्याकडे गाडी गप्प असते. मालक ओरडतो."

बाई खूप हसल्या. मग थोरलीभोवती एक फेरी मारताना थांबल्या, स्टिअरिंगपुढच्या फळीवरच्या कपाच्या डागावर बोट ठेवलं, आणि हळूच म्हणाल्या, "ही मी घेणार." शब्द दिला-घेतला गेला. पंधरा दिवसांत रंग करून, नवा टप शिवून गाडी द्यायची.

आणि मग ते अघटित घडलं. बाबांनी हाक मारली, "धाकटे, इकडे ये."

ती सवयीने लांबच थांबली.

"जवळ ये. मला हिरवा आणि राखाडी सारखाच दिसतो आता. रंग तू जुळव."

"मी?"

"मग काय सवत जुळवणार?" मशीनवरून आई म्हणाली.

आधी पत्रा. बाबांनी खराब रंग खरवडून काढला आणि धाकटीचा हात धरून उघड्या पत्र्यावर ठेवला. "डोळे मीट. तळहात सैल. पत्रा कुठे चढतो, कुठे उतरतो, तो स्वतः सांगेल." तिला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा तिचा हात थोरलीवर होता. गार होती ती... आणि त्या गारव्याखाली कुठे एक बारीकशी उतरण, कुठे नखाएवढा चढ. धाकटी जिथे जिथे बोट ठेवी, तिथे बाबा खडूची खूण करत आणि नुसतं "हं" म्हणत. त्या प्रत्येक 'हं'साठी ती आसुसून वाट बघू लागली. आणि मनात सारखी तीच कळ, की हे सगळं मिळतंय ते कशामुळे? तिनेच फोडलेल्या त्यांच्या डोळ्यांमुळे!

रंग तर तिने असा जुळवायला घेतला की तिचं तिलाच नवल वाटलं. पिवळ्यात निळा, मग पांढरा, मग टोकदार काडीने एक-एक थेंब काळा. डब्यावर लिहिलेलं काही नव्हतं, पण तो हिरवा तिला पाठ होता. सकाळचा, दुपारचा, दिव्याखालचा. प्रेमाने पाहणारे डोळे मिटतात अधूनमधून. मत्सराने पाहणारे मिटत नाहीत.

दुपारी ती टपाचं कापड धरायला आईजवळ बसली तेव्हा न राहवून म्हणाली, "बरं झालं जातेय ते. निदान आता मला कुणी धाकटी म्हणणार नाही."

आईने मशीन थांबवलं. "तूच नाव ठेवलंस की."

"काय?"

"आठवत नाही तुला? तीन वर्षांची होतीस. शेजारच्या पोरीला ताई होती, तुला नव्हती. दोन दिवस जेवली नाहीस, ताई आणा म्हणून. तिसऱ्या दिवशी जाऊन थोरलीच्या चाकाला मिठी मारलीस आणि म्हणालीस, ही माझी ताई, मी हिची धाकटी. कुणी नावाने हाक मारली की रडायचीस. मग बाबांनी तुला धाकटी म्हणायला सुरुवात केली, तू खुदकन हसलीस. तेव्हापासून चालूच." आईने दात लावून दोरा तोडला. "त्यांना वाटतं, अजून हसतेस."

धाकटीच्या हातातलं कापड जमिनीवर घसरलं. हृदयात इतकी वर्षं रुतलेला काटा तिने उपसून पाहिला, तर तो तिनेच रोवलेला निघाला... आणि ज्याच्या हातून रोवला गेला असं ती मानत होती, तो माणूस मात्र आपल्या लेकीला रोज हसवतोय या समाधानात होता.

ती उठून शेडमध्ये गेली. रंगाचा डबा पुढे ओढला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. शेडच्या अगदी पलीकडच्या टोकाला बाबा पाठमोरे बसून टपाच्या सांगाड्याला हातोडी मारत होते. तिने काडीने काळा थेंब टाकला. ढवळलं. डोळ्यांत पाणी होतं म्हणून आणखी एक पडला. बाबांनी जरा मान वळवून बघितलं आणि पुन्हा हातोडी उचलली.

"काळ्याचा एक थेंब जास्त झाला बघ. चिमूटभर पिवळा घाल," ते म्हणाले.

काडी तिच्या हातात तशीच राहिली.

एवढ्या लांबून... एक थेंब!

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला दिसतंय."

हातोडी थांबली.

"हिरवा दिसतोय. राखाडीही दिसतोय. तुमच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही." तिची नजर फळीवरच्या बाटल्यांकडे गेली. "मग झाकणाचा रंगही दिसला असता. मग तुम्हाला... तुम्हाला माहीत होतं."

बाबांनी हातोडी खाली ठेवली आणि हात मांडीवर घासले. "ब्रेक ऑइल बोटाला लागलं तर मला डोळे बांधूनही कळतं, धाकटे. तीस वर्षं झाली त्याचा वास घेऊन."

"मी ओतलं ते. चुकून नाही. मुद्दाम."

"चुकून इतकी सरळ रेघ येत नाही. हात चांगला आहे तुझा."

हे ऐकलं आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली. ओरडले असते, एक थोबाडीत दिली असती, तरी तिने सोसलं असतं... ही शाबासकी कशी सोसायची? बाबा उठून तिच्यापाशी आले आणि उलट्या केलेल्या रिकाम्या डब्यावर बसले.

"आईला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? सांगायला तोंड उघडलं आणि तू दारात दिसलीस. पोरगी काहीतरी जिंकून आणते आणि पाठीमागे लपवून उभी राहते... माझ्याच घरात. मग सकाळचं आठवलं. बटणं बघून मी बॉनेट तपासत बसलो, आणि तू समोर एका मोज्यावर उभी होतीस. चूक कुणाच्या तरी नावावर जायलाच हवी होती. माझ्या नावावर गेली तर काय बिघडलं? निम्मी माझीच होती."

"निम्मी नव्हती. आणि गिऱ्हाइकं गेली त्याचं काय? पाववाले काका गेले. तुम्ही हात वर करून उभे होतात, मी आतून बघत होते."

"मला वाटलं, सांगशील. रोज वाटायचं, आज सांगेल. मग वाटायला लागलं, ही सांगू शकत नाही इतका मी हिला परका झालोय. त्यापेक्षा गाडी परकी झालेली बरी."

तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तेलाचा, रंगाचा, घामाचा तो वास... किती वर्षं तिला वाटत होतं की तो वास थोरलीसाठी राखून ठेवलेला आहे. "विकू नका ना तिला," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच चकित झाली.

"बाईंना शब्द दिलाय. आणि विकायला मीही तयार झालोय, तुला वाटतं तसं रडूनबिडून नाही. घरातलं सगळं पॉलिश मी एकाच पत्र्यावर घासलं. आता जागा मोकळी होऊ दे."

मधल्या दारात आई उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. ती आत आली, धाकटीच्या पाठीत एक धपका घातला, दुसऱ्या हाताने तिचे डोळे पुसले आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे, उद्या डॉक्टरकडे... आणि मी इथे तुमच्यासाठी गाजरं आणतेय." मग गाडीकडे वळली. "आज पहिल्यांदा मी सवतीची बाजू घेते. तिचं काय चुकलं होतं?"

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी धाकटी पाववाल्याच्या बेकरीत गेली. सकाळची रांग दारापर्यंत होती, तीत तिच्या वर्गातल्या तिघी. ती रांग सोडून सरळ पुढे गेली आणि स्पर्धेतल्यासारख्या खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, बाबांचे डोळे ठणठणीत आहेत. गाडीवर ब्रेक ऑइल मी ओतलं. रागाने ओतलं. त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

पाववाल्याने चिमटा खाली ठेवला.

"पोरी, तुला कुणी लायसन्स देऊ नये," तो शेवटी म्हणाला. "आणि त्या पुलापलीकडच्याने माझा दरवाजा पिवळट करून ठेवलाय. संध्याकाळी आणतो म्हणावं उस्तादांना. तोंड दाखवायला लाज वाटतेय, तू जरा आधी सांगून ठेव."

वर्गातल्या तिघी दिवसभर कुजबुजत होत्या. धाकटीचे कान पेटले होते, तरी मान खाली जाईना.

डॉक्टरीणबाई ठरल्या दिवशी आल्या. नवा टप ताणून बसला होता, आणि बॉनेटवर उजेड असा घरंगळत होता की जुना रंग कुठे संपला नि नवा कुठे लागला हे सांगणं उस्तादांनाही जड गेलं असतं. बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, बंद पडलं. पुन्हा खोकलं. तिसऱ्यांदा त्यांनी जोर केला तशी धाकटी धावत पुढे गेली.

"थांबा. तिला घाई केलेली नाही आवडत. आधी चोक थोडा ओढा... एवढा नाही, निम्मा. आता दहा मोजा. आता."

इंजिन लागलं, एकसारखं घुमू लागलं. बाई म्हणाल्या, "तूच बस जरा शेजारी. कोपऱ्यापर्यंत शिकव मला."

धाकटीने बाबांकडे पाहिलं. ते मान फिरवून फाटकाची कडी नीट करत होते, जी मोडलेली नव्हती.

ती बसली. थोरलीच्या आतून जग असं दिसतं हे तिला ठाऊकच नव्हतं. टप मागे टाकलेला, वर आभाळ, पुढे हिरवं बॉनेट. "दुसरा गिअर अडतो," तिने सांगितलं. "गुडघ्याने दांडी जरा आत दाबायची. उन्हात उभी करू नका. आणि पुसायला सुती कापड, बटणं नसलेलं." सोळा वर्षं लांबून बघून बघून जमवलेलं सगळं ती त्या परक्या बाईच्या ओंजळीत ओतत राहिली. कोपऱ्यावर उतरताना बाईंनी स्टिअरिंगवर थाप मारली आणि लाडाने म्हणाल्या, "चल गं माझ्या सोनुले."

सोनुले... धाकटीच्या छातीत तीच जुनी, ओळखीची जळजळ उठली. गाडी वळणाआड गेली तरी ती तिथेच उभी होती.

घरी आली तेव्हा शेडमधली जागा ओकीबोकी दिसत होती. बाबा तिथेच, जमिनीवर बसले होते.

"कशी गेली?"

"दुसऱ्या गिअरला अडली. मी सांगितलं त्यांना कसं करायचं ते." ती त्यांच्याजवळ बसली. "सोनुली म्हणतात तिला. बाबा, मला त्या बाईंचा इतका राग येतोय ना..."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"मलाही," ते म्हणाले, आणि तिला आणखी जवळ बसता यावं म्हणून थोडे सरकले.